साडेतीन मिनिटांची मैफल

गेल्या वर्षी नाशिकच्या पंचवटी भागातला एक जुना वाडा उतरवायला काढला, तेव्हा त्याच्या माळ्यावर चावीचा एक ग्रामोफोन आणि लाखेच्या पंधरा-वीस तबकड्या निघाल्या. घरमालकांनी ते सामान भंगारात न घालता आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेला दिले. चार तबकड्या फुटलेल्या होत्या. उरलेल्यांत एक पंडित द. वि. पलुसकरांची होती. तीच आधी लावायची असे ठरले, कारण बापूराव पलुसकर नाशिकचे. २८ मे १९२१ रोजी त्यांचा जन्म इथे झाला. त्यांचे वडील विष्णु दिगंबर यांचा रामनाम आधाराश्रमही पंचवटीतलाच.

चावी भरली, नवी सुई बसवली, आणि खरखरीच्या पडद्याआडून तो स्वच्छ, पारदर्शक आवाज वर्गात आला. मुले अगदी शांत बसली होती. राग नुकता उलगडतो आहे असे वाटते न वाटते तोच सुई आतल्या कड्यावर घसरून खर्र-खर्र करू लागली. नववीतला एक मुलगा म्हणाला, "सर, संपलं?"

मी घड्याळ लावले होते. साडेतीन मिनिटेही पुरती झाली नव्हती. "मग ते आणखी का नाही गायले?" हा त्याचा पुढचा प्रश्न. या प्रश्नाचे उत्तर त्या तबकडीवरच कोरलेले आहे. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला अशी एखादी तबकडी मिळाली तर ते तुम्हीही वाचू शकाल. त्यासाठी एक भिंग आणि एक पट्टी पुरते.

तबकडीवर दिसणाऱ्या शेकडो रेघा म्हणजे प्रत्यक्षात एकच लांबलचक खाच असते. ती बाहेरच्या कडेपासून आत गोल गोल वळत जाते. भिंगाखाली अर्ध्या सेंटिमीटरात तिचे किती वेढे बसतात ते आम्ही मोजले. १९ भरले, म्हणजे सेंटिमीटरला ३८. तबकडी दहा इंची, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाची. खाच केंद्रापासून १२ सेंटिमीटरांवर सुरू होते आणि ५ सेंटिमीटरांवर संपते. मधल्या ७ सेंटिमीटरांत ३८ गुणिले ७, म्हणजे २६६ वेढे झाले. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. २६६ ला ७८ ने भागा. उत्तर येते ३.४ मिनिटे. फळ्यावर हा भागाकार संपला तेव्हा वर्गात जो 'हां!' असा आवाज उठला, तसा तो माझ्या कुठल्याही गणिताला क्वचितच उठला असेल. हौशी मुलांनी खाचेची एकूण लांबीही काढली. ती सुमारे १४२ मीटर भरली.

वेढे आणखी जवळ जवळ का कोरत नसत? खाच सरळ नसते, ती ध्वनीबरोबर डावी-उजवीकडे नागमोडी झुलते. आवाज जितका मोठा तितका झोका मोठा. दोन वेढ्यांच्या मध्यांत अंतर सुमारे पाव मिलिमीटर, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग खाचेनेच व्यापलेला. मधे उरते ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी भिंत. गवयाने जोरात तान घेतली आणि झोका भिंत फोडून शेजारच्या वेढ्यात गेला, की तबकडी वाया.

आता प्रश्न असा की ज्या गाण्याला मैफलीत तास-तास लागतो, ते या ३.४ मिनिटांत बसवायचे कोणी? ते गवयाचे एकट्याचे काम नव्हते. ग्रामोफोन कंपनीत दोन माणसे त्यासाठी असत. एक ध्वनिमुद्रक, म्हणजे यंत्रापाशी बसणारा तंत्रज्ञ. दुसरा ध्वनिमुद्रणाची आखणी करणारा अधिकारी. आज त्याला आपण निर्माता म्हणतो. कोणाला बोलवायचे, काय गाऊन घ्यायचे, कुठे थांबायचे, कोणती तबकडी बाजारात पाठवायची आणि कोणती मोडीत काढायची, हे तो ठरवी. मराठी मुलखात या कामात ज्यांनी आयुष्य घातले त्यांत गोविंद नारायण जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, यांचे नाव आधी घ्यायला हवे.

जोशी १९०९ साली जन्मले. मूळचे विदर्भातले, शिक्षणाने वकील, आणि गळ्याने गायक. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे (तेही वकीलच!) यांची 'शीळ' ही कविता त्यांनी १९३२ च्या सुमारास तबकडीवर गायिली. नाटकातले पद नाही, शास्त्रोक्त चीज नाही, नुसती एक कविता साध्या चालीत गायिलेली. आणि ती घरोघर वाजू लागली. मराठी भावगीताचा आरंभ या तबकडीपासून सांगण्याची पद्धत आहे. पुढे गंगूबाई हनगल, ज्यांचे नाव त्या वेळी तबकडीवर 'गांधारी' असे छापलेले असे, त्यांच्याबरोबरही जोशींनी द्वंद्वगीते गायिली. १९३८ साली ते 'हिज मास्टर्स व्हॉइस' या कंपनीत मुंबईला नोकरीस लागले, आणि मायक्रोफोनच्या समोरचा माणूस मायक्रोफोनच्या मागे गेला. तीस वर्षांहून अधिक काळ तो तिथेच राहिला.

ते या कामात शिरले तेव्हा ध्वनिमुद्रण कसे होई, ते पाहण्यासारखे आहे.

त्याच्या आधीची पद्धत तर आणखीच अवघड होती. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा विजेचा काही संबंध नव्हता. गवयाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून ओरडून गायचे. आवाजाच्या दाबाने कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा हले, आणि पडद्याला जोडलेली सुई मेणात खाच कोरी. गवयाच्या फुफ्फुसांतून येईल तेवढीच शक्ती हाताशी. या पद्धतीत सेकंदाला दोनशे ते दोन-अडीच हजार कंपने एवढ्याच पट्ट्यातले ध्वनी बरे उमटत. तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या खाली आणि त्याची जवारी, म्हणजे वरच्या स्वरांशांची ती झळाळी, बरीचशी त्याच्या वर. म्हणून अगदी जुन्या तबकड्यांत तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही. गवय्ये तंबोऱ्याशिवाय गात होते असे मात्र समजू नका.

१९२५ पासून विजेची पद्धत आली. तुम्ही विद्युतचुंबकत्वाच्या धड्यात वाचले आहे की चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलवले तर त्यात प्रवाह निर्माण होतो. एका प्रकारच्या मायक्रोफोनात नेमके हेच घडते. आवाजाने पडदा हलतो, पडद्याला चिकटलेले वेटोळे हलते, आणि आवाजाच्या ठेक्यावर नाचणारा दुबळा प्रवाह मिळतो. तो निर्वात नळ्यांच्या साहाय्याने मोठा करायचा आणि दुसऱ्या टोकाला कोरणीच्या वेटोळ्यात सोडायचा. तिथे उलटा प्रकार होतो: प्रवाहाने वेटोळे हलते, आणि त्याबरोबर कोरणी. आता पट्टा शंभरपासून पाच हजार कंपनांपर्यंत रुंदावला. गवयाला बसून, सहज आवाजात गाता येऊ लागले, आणि मागे तंबोराही ऐकू येऊ लागला. भावगीतासारखे हळुवार गाणे तबकडीवर शोभले याचे श्रेय कवी आणि गायक यांच्याइतकेच या वेटोळ्यालाही द्यावे, असे मला वाटते.

पण कोरायचे ते मेणावरच. दोन बोटे जाड, आरशासारखी घासलेली मेणाची चकती किंचित गरम करून फिरत्या टेबलावर ठेवीत. कोरणी तिच्यावर उतरली की सुटणारा केसासारखा मेणाचा धागा एका नळीने ओढून घेत. कोरलेले मेण वाजवून पाहता येत नसे. सुई फिरवली की मऊ खाच बिघडलीच! म्हणजे गवयाने जे गायिले ते कसे उमटले, हे त्या क्षणी ऐकण्याची सोय नाही. मेणावर धातूचा मुलामा चढवून उलटा साचा निघे, त्यावरून सुलटा, त्यावरून छापण्यासाठी पुन्हा उलटे साचे. मग लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या गरम लगद्यावर दाब देऊन तबकड्या छापीत. हे छपाईचे काम कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात होई. लाख ही पळस-कुसुमाच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यांची निर्मिती, आणि ती मुख्यतः आपल्याच देशातली. जगभरच्या तबकड्यांत ती गेलेली आहे.

वाजवून पाहता येत नाही म्हटल्यावर सगळी मदार आधीच्या तयारीवर. निर्मात्याने हातात घड्याळ घेऊन गवयाकडून तालीम करून घ्यायची. मग बैठकीची मांडणी. ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे सूत्र तुम्हांला पाठ असेल. समजा गवई मायक्रोफोनपासून दोन फुटांवर आहे आणि तबला चार फुटांवर. तबला आणखी दोन फूट मागे सरकवला तर त्याची तीव्रता निम्म्याहून खाली येते. (बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाजही मिसळतो, म्हणून हिशेब इतका चोख राहत नाही.) एकच मायक्रोफोन असल्यावर सूर, ठेका आणि तंबोरा यांचा तोल साधण्याचा मार्ग एकच: माणसे हलवणे. सतरंजीवर वीतभर पुढे, वीतभर मागे.

आणि ती पातळ भिंत आठवा. यंत्रापाशी बसलेल्या तंत्रज्ञाचा हात आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणावर असे. तान सुरू झाल्यावर बटण फिरवून उपयोग नाही, तोपर्यंत भिंत फुटलेली असते. तान येणार हे त्याला आधी कळायला हवे. म्हणून एक तर तंत्रज्ञाला गाणे समजायला हवे, नाही तर गाणे समजणारा माणूस त्याच्या शेजारी उभा हवा. जोशींसारखा गायक अधिकारी म्हणून किती मोलाचा होता, हे यावरून ध्यानात येईल. उस्तादांशी बोलताना तो त्यांच्या भाषेत बोले, आणि तंत्रज्ञाशी बोलताना त्याच्या.

खुद्द रागाची काटछाट हा सर्वांत नाजूक भाग. बहुतेक तबकड्यांत आलाप दोन-चार स्वरवाक्यांचा. लगेच बंदिश, दुसऱ्या मिनिटापासून ताना, आणि वेळ संपत आल्याचा इशारा दिसताच समेवर येऊन थांबायचे. कधी एका बाजूवर विलंबित आणि दुसऱ्या बाजूवर द्रुत. काही मोठ्या गवयांना हे अपमानास्पद वाटले, आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. उलट काहींनी साडेतीन मिनिटांत रागाचा असा अर्क काढला की पुढच्या पिढ्यांनी त्या तबकड्यांवरून राग ओळखायला शिकावे. बापूराव पलुसकर या दुसऱ्या प्रकारातले होते.

आमच्या वर्गाने या काटछाटीत एक गंमत शोधली. तबकडीच्या बाहेरच्या वेढ्याचा परीघ ७५ सेंटिमीटर आणि सेकंदाला १.३ फेरे, म्हणून सुईखालून सेकंदाला ९८ सेंटिमीटर खाच सरकते. आतल्या वेढ्यावर हाच वेग अवघा ४१ सेंटिमीटर. समजा, आवाजात ३००० कंपनांचा एक स्वरांश आहे. बाहेरच्या वेढ्यात त्याची एक लहर ०.३३ मिलिमीटर लांब उमटेल, पण आत पोचेपर्यंत ती ०.१४ मिलिमीटर होईल. सुईच्या टोकाची जाडीच जवळजवळ तेवढी! जाड बोटाने बारीक रांगोळी काढण्यातला हा प्रकार. त्यामुळे तबकडी आत जाईल तसा आवाज बोथट होतो. आणि आपल्या गाण्यात सर्वांत वेगवान, दाणेदार ताना येतात कुठे? शेवटी, म्हणजे तबकडीच्या सर्वांत वाईट जागी. मुलांनी ती तबकडी पुन्हा ऐकली तेव्हा हा फरक त्यांना कानाने कळला. (पुन्हा म्हणजे एकदाच. पोलादी सुई दर वेळी खाच थोडी खरवडते, आणि लाखेतली दगडाची भुकटी सुईला झिजवते. तो खरखराट त्या भुकटीचाच.)

बापूरावांची पहिली तबकडी १९४४ साली निघाली. वडील १९३१ मध्ये वारले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पुढचे शिक्षण विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांकडे झाले. १९४४ नंतरच्या अकरा वर्षांत गौड सारंग, तिलक कामोद अशा रागांच्या आणि मीरा-तुलसीदासांच्या भजनांच्या त्यांच्या तबकड्या देशभर गेल्या. हा सगळा काळ जोशींच्या कारकिर्दीतला. १९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटातली उस्ताद अमीर खाँ आणि बापूराव यांची जुगलबंदी तुमच्या आजी-आजोबांना आठवत असेल.

तबकडीची भिंत याच सुमारास दुसरीकडे कोसळत होती. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी निघाली. लाखेऐवजी व्हिनाइल हे गुळगुळीत प्लॅस्टिक, मिनिटाला ७८ ऐवजी ३३⅓ फेरे, सेंटिमीटरला ३८ ऐवजी सुमारे ९० वेढे, आणि पोलादी सुईऐवजी अडीच-तीन पट बारीक टोकाचा हिरा. १२ इंची तबकडीवर खाचेला साडेआठ सेंटिमीटर जागा धरून तुम्हीच गणित करा. एका बाजूला तेवीस मिनिटांच्या आसपास उत्तर यायला हवे. याच काळात लोहभस्म लावलेली चुंबकीय फीत आली. तिच्यावर लगेच ऐकता येते, पुसून पुन्हा गाता येते, चूक झालेला तुकडा कात्रीने कापून दुसरा जोडता येतो. मेणाची धास्ती संपली.

१९५५ साली उस्ताद अली अकबर खाँ न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांचे सरोदवादन लाँग प्लेसाठी मुद्रित झाले. आपले शास्त्रीय संगीत या तबकडीवर पहिल्यांदा उमटले ते तेव्हा. त्याच वर्षी बापूराव भारतीय सांस्कृतिक मंडळाबरोबर चीनचा दौरा करून आले, आणि २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, विजयादशमीला, मेंदूज्वराने वारले. वय अवघे चौतीस. भारतात लाँग प्ले तबकड्या निघू लागल्या त्या त्यानंतर काही वर्षांनी. 'बैजू बावरा'त त्यांच्याबरोबर गायिलेले अमीर खाँ १९७४ पर्यंत होते. १९६० च्या सुमारास निघालेल्या त्यांच्या लाँग प्लेवर एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी आहे. तो मारवा कसा सावकाश, पायरी पायरीने चढत जातो, हे आजही कोणीही ऐकू शकतो. वयाने बापूराव त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. पण कंपनीसाठी त्यांनी गायिले ते बहुतांशी साडेतीन मिनिटांच्या मापात. त्यांचे लांब गायन आपल्याला मिळते ते आकाशवाणीने आणि काही रसिकांनी मैफलीत करून ठेवलेल्या फितींमुळे. अशा फिती जपणाऱ्यांची नावे कुठल्याच तबकडीवर छापलेली नसतात.

मात्र साडेतीन मिनिटांना उगाच हिणवू नये. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर तबकड्या करायला फारशा राजी नसत. तरी त्यांची जी ध्वनिमुद्रणे झाली, त्यांतल्या भैरवीचे एक, सुमारे साडेतीन मिनिटांचेच, १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत घेतले गेले. व्हॉयेजर-१ सध्या आपल्यापासून २४ अब्ज किलोमीटरहून अधिक दूर आहे. ते यान ५ सप्टेंबरला उडाले आणि केसरबाई १६ सप्टेंबरला वारल्या.

जोशींच्या वाट्याला मेण, फीत, लाँग प्ले आणि पुढे स्टीरिओ असे चारही टप्पे आले. दोन मायक्रोफोनांनी दोन वेगळे ध्वनिपट घ्यायचे आणि खाचेच्या दोन भिंतींवर ते वेगवेगळे कोरायचे, अशी स्टीरिओची युक्ती. १९६७ च्या सुमारास त्यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी तयार करून घेतली. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार यांतून काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, वेळेवेळेच्या रागांत उभा केलेला आहे. त्या वेळी हे तिघेही तरुण होते. ही तबकडी देशोदेशी गेली आणि आजही ऐकली जाते. ज्याने बावीस-तेविसाव्या वर्षी एका बाजूत एक कविता बसवली होती, त्याला आता दोन बाजूंवर अख्खा दिवस मिळाला होता, आणि तो कसा वापरायचा हे त्याला ठाऊक होते. निवृत्तीनंतर जोशींनी 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात आपल्या आठवणी लिहिल्या. शाळेच्या ग्रंथालयात असेल तर जरूर वाचा. १९९४ साली ते वारले. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या भारतात १९७० च्या आसपासच बंद झाल्या होत्या.

आमच्या प्रयोगशाळेतली तबकडी आता कपाटात उभी ठेवली आहे. आडवी ठेवली तर लाख वजनाने वाकते. ती पुन्हा पुन्हा वाजवायला नको म्हणून दुसऱ्या वेळी त्या नववीतल्या मुलाने कर्ण्यासमोर मोबाइल धरून तिचे ध्वनिमुद्रण केले होते. घरी जाऊन त्याने कुठल्याशा आज्ञावलीने खरखर काढून टाकली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानाने मला ऐकवले. आवाज खरोखरच धुतल्यासारखा झाला होता. मग आम्ही दोन्ही मुद्रणे एकापाठोपाठ लावली. दुसऱ्यात तंबोऱ्याची झळाळी नव्हती. खरखर आणि जवारी दोन्ही एकाच पट्ट्यातली, म्हणून एकीबरोबर दुसरीही निघून गेली होती. तो म्हणाला, "सर, खरखरीचंच राहू द्या."